पैस खांबावर ज्ञानेश्वरांचं नाव का नाही?

देवळाली प्रवराच्या नावात जी नदी आहे, तिच्याच काठाने खाली गेलात की नेवासे लागतं. तिथला पैस खांब तुम्ही पाहिला असेल. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण प्रबंधात हे वाक्य लिहिताना हात जरा आवरा.

खांबावर संस्कृत लेख आहे. त्यात ज्ञानेश्वर नाहीत. करवीरेश्वराच्या अखंड दिव्याला तेल मिळावं म्हणून दिलेल्या मासिक दानाची ती नोंद आहे. देऊळ गेलं, खांब उरला. आज त्याच्याभोवती दिसतं ते मंदिर विसाव्या शतकातलं.

आता ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा शेवट काढा. शके 1212, म्हणजे इ.स. 1290, रामचंद्र यादवाचं राज्य, महालया, लेखक सच्चिदानंद, सगळं आहे. खांब मात्र नाही, करवीरेश्वरही नाही. शिवाय स्थळ दिलंय गोदावरीच्या दक्षिण तीरावरचं, आणि नेवासे तर प्रवरेवर! मी इथे चांगलीच अडखळले होते. पण त्याच ओव्यांत पंचक्रोश क्षेत्र म्हटलंय, आणि प्रवरा पुढे टोक्याजवळ गोदावरीलाच मिळते. एक गावठाण नव्हे, अख्खा परिसर डोळ्यांसमोर ठेवा म्हणजे उलगडतं.

मग खांबाची गोष्ट खोटी? असं कुठे म्हटलं मी! ओवी आणि शिलालेख यांना जोडणारा दुवा वारकरी परंपरेचा आहे, एवढंच.

वेल्समधल्या मध्ययुगीन पॅरिश चर्चमध्येही लोक दिव्या-मेणबत्त्यांसाठी जमीन, पैसा ठेवून जात. 1547 च्या कायद्याने अशी दानं राजाकडे गेली. जप्तीसाठी मोजदाद झाली, म्हणून तिथल्या अभ्यासकाला निदान कागद मिळतो. आपल्याकडे तेलाचा हिशेब एका दगडावर. आणि तो दगड कुणाच्या पायरीत किंवा जोत्यात गेला नाही, तो माझ्या मते लोकांनी त्याला माउलींचा मानला म्हणूनच. ज्या श्रद्धेला आपण पुरावा म्हणून घेत नाही, तिनेच पुरावा राखला.

मी प्रकरणात वाक्य असं ठेवलंय: ‘वारकरी परंपरा ज्या खांबाशी ज्ञानेश्वरीचं कथन जोडते, त्यावर करवीरेश्वराच्या दिव्यासाठीचा दानलेख आहे.’