इंदापूरचं पोर आणि 'डोक्याचा डॉक्टर'

२००० च्या सुमारास माझा पुतण्या तिसरीत होता, वर्गातून पळायचा. इंदापुरात आमच्याकडे इलाज दोनच: देवऋषी नाहीतर छडी. 'डोक्याचा डॉक्टर' म्हणजे थेट येरवडा, अन् ते नाव निघालं की पुढं सोयरीक अवघड!

कागदावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ लाच आलेला. जिल्ह्यात उतरायला १९९६ उजाडलं. पहिल्या ४ जिल्ह्यांत महाराष्ट्रातला एकही नव्हता. शाळा-अंगणवाडीत पोरं तपासणारी योजना २०१३ ला आपल्याच पालघरमधून सुरू झाली. बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज २०१९ ला. फोनवरचं टेलिमानस, १४४१६, २०२२ ला. फुकट आणि मराठीतही.

परवा पुतण्याच्याच पोराची शाळेतून तक्रार आली. वहिनी अंगारा शोधत होत्या. त्यानं माझ्याकडून नंबर घेतला अन् तिथंच लावला.