न रडलेले बाळ : श्वासावरोधाच्या लक्षणांचा इतिहास

जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला सचेत करण्याचे उपाय चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सांगितले आहेत : कानांच्या मुळाशी दगडावर दगड आपटणे, तोंडावर थंड किंवा गरम पाणी शिंपडणे आणि सुपाने वारा घालणे. भारताच्या अनेक भागांतील दायांनी त्यांना आणखी एक जोड दिली. नाळ न कापता वार गरम केली की तिच्यातला जीव बाळाकडे जातो, अशी त्यांची धारणा होती. या उपायांना भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यानंतर काही बाळे खरोखरच रडू लागत, आणि ती का रडत याचा उलगडा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

निळे पडलेले पण अंगात ताठरपणा असलेले बाळ आणि पांढरेफटक, लुळे बाळ हा भेद एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यांना ठाऊक होता. त्यामागची प्रक्रिया 1960 च्या दशकात ऑक्सफर्डमधील जेफ्री डॉज यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाली. प्राणवायू तुटला की आधी श्वास जोरात चालतो आणि मग थांबतो. या पहिल्या विरामात अंग चोळणे किंवा पाणी शिंपडणे पुरेसे ठरू शकते. त्यानंतर काही तुटक आचके येऊन श्वास दुसऱ्यांदा थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि तेव्हा फुप्फुसांत हवा भरल्याखेरीज कोणताही उपाय चालत नाही. म्हणजे जुन्या उपायांचे यश पहिल्या विरामातील बाळांचे होते. दुसऱ्या विरामातील बाळांची मोलाची मिनिटे मात्र त्यांत वाया जात.

न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठातील भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगर यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणपद्धतीने या लक्षणांना मोजमाप दिले. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग या पाच बाबींना शून्य ते दोन गुण द्यायचे आणि तेही जन्मानंतर साठ सेकंदांनी, एवढीच तिची रचना होती. पण तिच्यामुळे प्रसूतिगृहातील सर्वांची नजर आईबरोबर बाळाकडेही वळली, हे तिचे खरे मोठेपण होय.

परिणामांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरला. लंडनचे विल्यम जॉन लिटल यांनी 1861 मध्ये अवघड प्रसूती आणि मुलांच्या अवयवांचा ताठरपणा, म्हणजे आज ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो विकार, यांचा संबंध जोडला. 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी मात्र अवघड प्रसूती हीच गर्भावस्थेतील आधीच्या बिघाडाची खूण असू शकते, अशी शंका मांडली. प्राणवायूअभावी मेंदूला इजा होते, झटके येतात, बाळ अंगावर नीट पीत नाही, हे खरेच आहे. तरीही सेरेब्रल पाल्सीची बहुतांश उदाहरणे जन्मवेळच्या श्वासावरोधाने घडत नाहीत, हे पुढील संशोधनाने दाखवले. प्रत्येक अपंगत्वाचा दोष त्या एका घटकेवर, पर्यायाने दाईवर आणि आईवर टाकणे म्हणूनच चुकीचे आहे.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी 1990 च्या दशकात हे ज्ञान रुग्णालयाबाहेर, घरच्या बाळंतपणापर्यंत नेले. तेथे आधी दायांना तोंडाने हवा फुंकण्याचे, आणि पुढे गावातल्याच आरोग्यदूत स्त्रियांना नळी-मास्क व नंतर पिशवी-मास्क वापरून हवा देण्याचे शिक्षण मिळाले. पहिल्या मिनिटाला बाळ रडले का आणि श्वास कसा आहे, हे घड्याळ पाहून ठरवायला त्या शिकल्या.