परक्या उन्हांतील म्हातारपण

आयुष्याच्या संध्याकाळीं काशीवास करावा, ही आपल्याकडील जुनी वहिवाट होती. मराठी मुलखांतील कितीतरी वृद्ध घरदार मुलांच्या हवालीं करून गंगातीरीं जाऊन राहिले. तेथें ते मरणासाठीं जात. युरोपांत मात्र याच वयाच्या एका वर्गानें परदेशवास पत्करला तो अधिक जगण्यासाठीं, आणि तेंही थोडक्या पैशांत. ऊब आणि स्वस्ताई यांच्या शोधांत निघालेल्या इंग्रजांनीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जी वसाहत उभारली, तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या वाटेचा एक आद्य प्रवासी म्हणजे टोबायस स्मॉलेट. हा शिक्षणानें वैद्य आणि कीर्तीनें कादंबरीकार. १७६३ सालीं त्याची एकुलती एक मुलगी ऐन पंधराव्या वर्षीं वारली. त्याची स्वतःची छातीही खोकल्यानें पोखरलेली होती. पत्नीला घेऊन तो नीस येथें आला. नीस त्या वेळीं फ्रान्सचें नव्हतें. सार्डीनियाच्या राजाची सत्ता तेथें चाले. तेथें त्यानें वर्षाला सुमारें २० पौंड भाड्यानें घराचा तळमजला घेतला, रोजच्या हवामानाची नोंद ठेवली, आणि प्रकृतीसाठीं समुद्रस्नान सुरू केलें. तें पाहून गांवकरी थक्क झाले. १७६६ सालीं छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनांत तेथील लोकांची निंदा पुष्कळ आहे. परंतु हवेची स्तुति इतकी मनापासून केलेली आहे कीं, वाचकांनीं निंदा विसरून हवाच तेवढी लक्षांत ठेवली.

पुढें १८१५ सालीं वॉटर्लूची लढाई संपली आणि या वाटेस खरी गर्दी लागली. लष्कर व आरमार कमी झालें. हजारों अधिकारी अर्ध्या पगारावर घरीं बसले. त्याच वर्षीं परदेशी धान्यावर निर्बंध घालणारा कायदा इंग्लंडांत झाल्यामुळें पाव महागच राहिला. नोकरचाकर, गाडीघोडा, मुलींचीं लग्नें, सारी प्रतिष्ठा पुऱ्या पगाराची आणि उत्पन्न मात्र अर्ध्याचें! खाडी ओलांडली कीं, तेंच उत्पन्न पुरूं लागे. म्हणून कॅले, बुलोन, तूर अशा गांवीं इंग्रज बिऱ्हाडें दिसूं लागलीं. कर्ज न फेडणाऱ्यास इंग्लंडांत तुरुंग असल्यामुळें पळून आलेलेही त्यांत होते. लंडनचा प्रसिद्ध छानछोकीबहाद्दर ब्रमेल १८१६ सालीं कॅले येथें आला तो याच कारणानें. ज्यांना थंडीही सोसत नव्हती, ते आणखी दक्षिणेस उतरले.

नीसमध्यें १८२१-२२ चा हिंवाळा फार कडक गेला. नारिंगीचीं झाडें करपलीं आणि उपाशी मजूर रस्त्यांत भीक मागूं लागले. तेव्हां लुइस वे नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें वर्गणी जमवून त्या मजुरांकडून समुद्रकांठानें एक पायवाट बांधविली. फिरावयास इंग्रजांना वाट मिळाली व मजुरांना अन्न मिळालें. गांवकरी तिला ‘इंग्रजांची वाट’ म्हणूं लागले. नीसचा जगप्रसिद्ध किनारी रस्ता तो हाच.

१८३४ च्या हिंवाळ्यांत इंग्लंडचा माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम आपल्या आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाला होता. पटकीची सांथ असल्यामुळें सार्डीनियाच्या पहारेकऱ्यांनीं त्याला वार नदीवर अडविलें. मागें फिरून तो कान या कोळ्यांच्या लहानशा गांवीं मुक्कामास राहिला. गांव आवडलें, त्यानें जमीन घेतली, घर बांधलें आणि त्याला मुलीचें नांव दिलें. मुलगी १८३९ सालीं वारली. बाप मात्र तीस वर्षें तेथें हिंवाळा काढीत राहिला व १८६८ सालीं तेथेंच मरण पावला. १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रेंच सभेंत निवडून जाण्याची हौस त्याला झाली. परंतु फ्रेंच नागरिक झाल्यास इंग्लंडांतील सरदारकी जाईल असें कळतांच त्यानें तो बेत सोडला. परदेशचें ऊन हवें, पण हक्क स्वदेशाचेच हवेत! या वसाहतीचा सारा स्वभाव या प्रसंगांत दिसून येतो.

एका बड्या माणसाच्या मागोमाग अनेक बडीं माणसें आलीं. १८६० सालीं नीस फ्रान्सला मिळालें. १८६३ सालीं कानला आणि १८६४ सालीं नीसला आगगाडी पोंचली. १८९५ पासून राणी व्हिक्टोरियाही नीसच्या टेकडीवर राहावयास येऊं लागली. स्वस्ताईच्या शोधांत आलेल्यांच्या पायगुणानेंच तेथील जमिनी महागल्या, आणि अर्ध्या पगाराच्या माणसाला त्याच किनाऱ्यावर जागा मिळणें अवघड झालें.

पहिल्या महायुद्धानंतर स्वस्ताई एकदां परत आली. १९१४ पूर्वीं एका पौंडास सुमारें २५ फ्रँक मिळत. १९२८ सालीं दर स्थिरावला तो सुमारें १२४ वर. लहानशा निवृत्तिवेतनावर लोक तेथें ऐटींत राहूं लागले. पण सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें. पौंड घसरला आणि वृद्धांचें उत्पन्न आपोआप आटलें. त्यांचा खर्च वाढला नव्हता, चूकही झाली नव्हती. लंडनांतील एका निर्णयानें त्यांचें अंदाजपत्रक कोसळलें.

शेवटचा घाव १९४० च्या जूनमध्यें बसला. फ्रान्सनें शरणागति पत्करली आणि इंग्रज रहिवाशांना दोन कोळसावाहू बोटींतून कानहून न्यावें लागलें. बोटींवर एक हजाराहून अधिक माणसें होतीं. सहासष्ट वर्षांचा लेखक सॉमरसेट मॉम त्यांतच होता. घर, बाग, पुस्तकें, कुत्रीं मागें टाकून, कोळशाच्या भुकटींत झोपत, जिब्राल्टरमार्गें तीं माणसें इंग्लंडला पोंचलीं. ज्या थंडीला भिऊन तीं निघालीं होतीं, तीच त्यांच्या आसऱ्यास उरली.

पुढील काळांत हीच वाट स्पेनकडे वळली. २०२० च्या जानेवारीअखेर ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडलें, तेव्हां तेथील हजारों ब्रिटिश वृद्धांना आपल्या वास्तव्याच्या हक्काची काळजी पुन्हां करावी लागली. ऊब आणि स्वस्ताई परदेशांत विकत मिळते. तिची किंमत मात्र चलनाच्या दरावर आणि दोन सरकारांच्या मर्जीवर ठरते. म्हातारपणीं घर बदलणारानें हवेची नोंद ठेवावीच. पण परतीच्या वाटेचा खर्चही बाजूस काढून ठेवावा.