बावखल, चर आणि वाफसा

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी मंदिराच्या भिंती, वेदी व घंटा यांचा इतिहास सांगण्याची रीत आहे, आणि ती योग्यच होय. परंतु वसईच्या किनाऱ्यावरील मंदिरे ज्या हातांच्या कष्टांवर उभी राहिली, ते हात बहुतांशी वाडीत राबणाऱ्यांचे होते. त्यांचे अर्धे आयुष्य वाडीला पाणी पाजण्यात गेले, तर अर्धे वाडीतले पाणी बाहेर घालविण्यात. विहिरीची व रहाटाची कथा आपण आवडीने सांगतो. तुंबलेल्या पाण्याची कथा मात्र मागे राहते. प्रस्तुत लेखात तिचा अल्पसा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम भूमीचे स्वरूप पाहू. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा, पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर; आणि डोंगर व किनारा यांच्यामध्ये पूर्वी सोपाऱ्याची खाडी वाहत असे. म्हणूनच जुन्या लेखांत वसईला बेट म्हटलेले आढळते. किनाऱ्यालगत वाळूचा किंचित उंच पट्टा आहे. त्याच्या पूर्वेस चिकण मातीची सखल जमीन व मिठागरे पसरलेली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे 80 इंचांच्या आसपास, कित्येक वर्षी त्याहूनही अधिक, पाऊस कोसळतो. डोंगरावरून उतरलेले पाणी ह्याच सखल भागातून खाडीस मिळते. परंतु भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही. आणि मुसळधार पाऊस व मोठी भरती यांची गाठ पडली, म्हणजे पाण्याला पुढे वाट नाही व मागे फिरता येत नाही, अशी स्थिती होते.

ह्या अडचणीवर किनाऱ्यावरच्या लोकांनी फार प्राचीन काळापासून बांधाचा उपाय शोधिला होता. खाडीकाठी मातीचा बांध घालून खारे पाणी अडवावयाचे, व ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाडी ठेवावयाची, ही ती युक्ती. गोव्यातील खाजणांत ह्याच कामासाठी 'मानस' नावाचे दार असते. अशा बंदिस्तीने मिळविलेल्या जमिनीला उत्तर कोकणच्या जुन्या महसुली व्यवहारात 'शिलोत्री' असे नाव होते. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 साली चिमाजी अप्पांनी ती घेतली, पुढे इंग्रजांचा अंमल आला. राज्ये बदलली, तरी बांध दरवर्षी बांधावाच लागला. 1948 साली मुंबई सरकारने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला व 1979 साली महाराष्ट्र राज्याने नवा कायदा केला, यावरून ह्या कामाचे महत्त्व ध्यानी यावे.

बांध हे गावाचे काम. वाडीचे काम निराळे. तेथे आमच्या पूर्वजांनी बावखल खणले. बावखल म्हणजे वाडीच्या सखल कोपऱ्यातले तळे. त्यातून निघालेल्या मातीने आजूबाजूची जमीन उचलता येई. पावसाळ्यात वाफ्यांतील जादा पाणी चरांवाटे त्यात उतरे. तेच पाणी हिवाळ्या-उन्हाळ्यात रहाटाने पुन्हा वाफ्यांत जाई. आणि जमिनीत मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नसे. एकाच खड्ड्याने अनेक कामे साधणारी ही योजना कोणा इंजिनिअराने कागदावर काढली नव्हती. 1864 साली गुजरातेकडील लोहमार्ग मुंबईस पोहोचला, आणि केळी, पाने, फुले व भाजीपाला यांस मोठी बाजारपेठ जवळ आली. वाडीची किंमत वाढली, तशी चरांचीही वाढली.

पाण्यात उभे असलेले झाड पाण्यावाचून असल्यासारखे का कोमेजते, हा प्रश्न नवख्याला पडतो. कारण असे की मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या रंध्रांत हवा असते. ती जागा पाण्याने घेतली, म्हणजे प्राणवायूचा शिरकाव जवळजवळ थांबतो, कारण हवेपेक्षा पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतो. मुळे गुदमरतात व पाणी ओढू शकत नाहीत. मातीतले नत्र निघून जाते, खालची पाने पिवळी पडतात, आणि दुबळ्या मुळांवर कुजीचे रोग चढाई करतात. मिरची, टोमॅटो व पानवेल यांस हे मुळीच सोसत नाही. अळू मात्र ओलीत आनंदाने वाढते. म्हणून जुने जाणते लोक सखल कडेला अळू लावीत, पडवळ-कारल्याच्या वेली उंच आळ्यांतून मांडवावर चढवीत, आणि मिरची-वांगी वरंब्यावर ठेवीत.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो, व ती सांगताना आम्हास संकोच वाटतो. 2018 सालच्या जुलैत वसई-विरारचा परिसर कित्येक दिवस पाण्याखाली होता. रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या आणि मिठागरांतली कुटुंबे वेढली गेली. आमचे मिरची व वांग्यांचे वाफे तीन दिवस बुडाले. पूर्वी एवढ्या पावसाचे पाणी बावखलात उतरत असे. पण ते बावखल घर वाढविण्यासाठी आम्हीच काही वर्षांपूर्वी बुजविले होते. दोष द्यावयास दुसरे कोणी नव्हते.

पाणी काढावयाचे, तर चर शेजाऱ्यांच्या वाडीतूनच न्यावा लागणार होता. आम्ही विचारावयास गेलो, तेव्हा शेजारच्या काकांनी एकच सांगितले: "पाणी तुमचे-आमचे ओळखत नाही. खणा." त्यांचे दोन वाफे त्यात गेले. पाणी उतरताच आम्ही कुदळी घेऊन चिखलात शिरलो, तेव्हा आजीने दारातून हाक मारली, "अरे बाबांनो, वाफसा येऊ द्या!" ओल्या चिकण मातीवर पाय पडला की ती दडपून विटेसारखी होते व उरलीसुरली हवाही जाते, हे तिला ठाऊक होते. मुठीत घेतलेले ढेकूळ बोटाने दाबताच भुगा होऊ लागले, तेव्हा तिने कामास अनुज्ञा दिली. मग आम्ही वरवर खुरपणी करून मातीचा पापुद्रा फोडला, कुजलेली झाडे उपटून दूर टाकली, उरलेल्यांना मातीची भर व थोडे थोडे खत दिले, आणि रिकाम्या जागी माठ व मुळा पेरला. मिरची बहुतेक गेली. वांगी अर्धीअधिक वाचली. माठाने महिन्याभरात घरखर्चाला हातभार लावला. त्यातली पहिली जुडी शेजाऱ्यांकडे गेली, हे सांगावयास नकोच.

पुढल्या उन्हाळ्यात उरलेल्या जागेत आम्ही लहानसे बावखल पुन्हा खणले. ते जुन्याच्या निम्मेही नाही. बुजविलेले तळे परत आणणे घराचा मजला चढविण्याहून कठीण असते. आज गावोगावी बावखले भरली जात आहेत व चरांवर भिंती उभ्या राहत आहेत. घरे लागतात, हे आम्ही नाकारीत नाही. आमच्यावरही तोच प्रसंग आला होता. परंतु ज्यांनी मंदिराबरोबर चर व बावखले आपल्या हाती दिली, त्या पूर्वजांचे स्मरण करताना इतके तरी करावे, की भिंत घालण्यापूर्वी शेजाऱ्याच्या वाडीतले पाणी कोठून जाते हे पाहावे, व पावसापूर्वी आपल्या हद्दीतला चर साफ करावा. मृगाचा पाऊस दाराशी येण्याआधी हे काम उरकावयास हवे.