शिवण बसते ती इस्त्रीने

गणपती जवळ आले की शिंप्याच्या दुकानातली गर्दी वाढते. आपले लक्ष असते ते मशीनकडे. झबले, परकर-पोलके, सदरा सगळे त्या मशीनच्या खडखडाटातून जन्माला येते, असे आपण धरून चालतो. मशीनशेजारच्या मेजावरची इस्त्री मात्र आपल्याला शेवटची, कपड्याची घडी घालण्यापुरती वाटते. जाणता शिंपी असे म्हणणार नाही. टीप मारली म्हणजे दोन कापडे जोडली गेली, एवढेच. ती शिवण सपाट बसणे, कॉलरचे टोक नेमके निघणे, बाही मुंड्यात सुरकुती न पडता बसणे ही कामे इस्त्रीची. आज घरी शिवणाऱ्या अनेक जणींच्या मशीनशेजारी वाफेची छोटी इस्त्री दिसते. तिच्या मागचा इतिहास लांबचा आहे, आणि त्याचा एक मोठा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

शिवणकामाचे शब्द नीट ऐकले तर त्यात जमिनीसारखे थर दिसतात. सुई, दोरा, कातर, शिवण हे आपले जुने शब्द. संत नामदेव जातीने शिंपी होते. म्हणजे शिवणारे हात आपल्याकडे निदान तेराव्या शतकापासून आहेतच. त्यावर अस्तर, खिसा, गज हा फारसी-अरबीतून आलेला थर. सर्वांत वर बटण, कॉलर, कफ, बकरम हा इंग्रजीचा. या दोहोंच्या मध्ये एक पातळ थर पोर्तुगिजांचा आहे: काज, फीत आणि इस्त्री. पोर्तुगीज 'काझा' म्हणजे घर. बटणाचे घर ते काज. गुजराती शेजारी त्यालाच गाज म्हणतात. 'फिता'ची फीत झाली. आणि 'इश्तिरार' म्हणजे ताणणे, पसरणे, या क्रियापदावरून इस्त्री.

यातली गंमत अशी की खुद्द पोर्तुगीज माणूस या हत्याराला 'फेरू', म्हणजे लोखंड म्हणतो. आपण वस्तूचे नाव उचलले नाही, तिच्या कामाचे उचलले. नवी वस्तू हातात घेऊन काम शिकणाऱ्या कारागिराच्या कानावर जो शब्द वारंवार पडला असेल, तोच टिकला, असे मानायला जागा आहे.

या शब्दांचा शोध घेणारे मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गाद हे गोव्यातल्या आसगावचे. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ 1913 मध्ये निघाला. त्याचा इंग्रजी अनुवाद 1936 मध्ये प्रसिद्ध झाला तो आपल्या बडोद्यात, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये. गोव्यात रुजलेल्या शब्दांची नोंद बडोद्याने छापली, ही आपल्या गावाच्या अभिमानाची गोष्ट आहे.

मग इस्त्रीच्या आधी काय होते? बाराबंदी नि अंगरखा बंदांनी बांधत. त्यांना काज लागत नसे आणि कडक कॉलरही नव्हती. लुगडे, धोतर, उपरणे तर न शिवलेलेच. त्यांची सुरकुती घालवायला खळ होती आणि कुंदी होती. धुतलेले कापड घडी करून लाकडी मोगरीने ठोकत. त्याने ते सपाट होई आणि त्यावर तकाकी येई. एखाद्याची 'कुंदी काढणे' हा वाक्प्रचार त्या ठोकण्यातूनच आला. घरात याहून सोपे उपाय होते. कपडा गादीखाली ठेवायचा, नाहीतर पितळी तांब्यात निखारे घालून तो कपड्यावर फिरवायचा. हीच युक्ती चीनमध्ये फार जुनी. सम्राट ह्वेइझोंगच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या एका चित्रात राजवाड्यातल्या स्त्रिया ताणून धरलेल्या रेशमावर निखाऱ्यांची पसरट कढई फिरवताना दिसतात.

कोट-पाटलोण आली आणि काम बदलले. लोकरीच्या जाड कापडाची शिवण नुसत्या निखाऱ्याच्या तांब्याला दाद देत नाही. तिथे वजनदार कोळशाची इस्त्री आली आणि तिच्या जोडीला ओले फडके. शिंपी ते फडके कापडावर पसरून वर इस्त्री दाबून धरी, 'चर्र' आवाज होऊन वाफ निघे आणि क्रीज बसे. वाफेची इस्त्री कारखान्यातून येण्याच्या कितीतरी आधी शिंप्याने ती अशी आपल्या हातांनी तयार केली होती. ठिणगी उडून नव्या कापडाला भोक पडण्याची, राखेचा डाग लागण्याची धास्ती मात्र कायम असे.

विजेच्या इस्त्रीचे पेटंट न्यू यॉर्कच्या हेन्री सीली यांनी 6 जून 1882 रोजी घेतले. पण ती लावायची कुठे? एडिसन यांचे पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्रच त्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरू झाले. पुढेही बऱ्याच ठिकाणी वीज फक्त संध्याकाळी, दिव्यांपुरती मिळे. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारियो गावी वीज कंपनीत काम करणाऱ्या अर्ल रिचर्डसन यांनी इस्त्रीच्या वारी, म्हणजे मंगळवारी, दिवसभर वीज चालू ठेवायला लावली. त्यांच्या इस्त्रीचे टोक चांगले तापे. चुण्यांमध्ये आणि काजाभोवती शिरायला असे टोक बायकांना सोयीचे वाटले, आणि त्यावरूनच 'हॉटपॉइंट' हे नाव पडले. शिवणाऱ्यांची गरज यंत्राच्या आकारात उतरली ती अशी. 1920 च्या दशकात उष्णता आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट आला. 1926 मध्ये न्यू यॉर्कला वाफेची विजेची इस्त्रीही विकायला आली.

वाफ नेमके काय करते? सुती कापडाच्या तंतूंमध्ये बारीक रासायनिक बंध असतात. पाणी आणि उष्णता मिळून ते सैल करतात, दाबाने तंतू हवे तसे वळतात, आणि कापड निवताना नवे बंध तयार होऊन तो आकार टिकतो. म्हणून शिवणकामात इस्त्री घासायची नसते. ठेवायची, दाबायची, उचलायची. घासली तर तिरके कापलेले कापड ताणले जाते आणि गळ्याचा घेर बिघडतो. शिवण आधी मिटलेली दाबावी, मग उलगडून दाबावी, आणि कापड निवेपर्यंत हलवू नये. छोट्या इस्त्रीचा उपयोग इथेच. प्रत्येक टिपेनंतर उठावे लागत नाही, आणि तिचे टोक बाहीत, कफात, झबल्याच्या इवल्याशा मुंड्यात सहज जाते. कपड्याच्या लेबलावरचे ठिपके पाहावेत: एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जास्त. रेशमावर पाण्याचे थेंब पडून डाग राहतात, म्हणून आधी चिंधीवर करून पाहावे.

आज तयार कपड्यांमुळे गल्लीतला शिंपी दुर्मिळ होत चालला आहे. त्याच्याबरोबर ओल्या फडक्याची रीत जाते आणि मुंडा, अस्तर, काज हे शब्दही हळूहळू तोंडातून जातात. कपडे आपल्याला मिळतच राहतील. पण ते कसे घडतात हे सांगणारी मराठी उरणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून आपण भाषा जपली ती ग्रंथांतून आणि नाटकांतून. तितकीच ती कारागिरांच्या दुकानांतही जपली गेली आहे. आपल्या ओळखीचा एखादा वृद्ध शिंपी असेल, घरात शिवणकाम जाणणारी आजी असेल, तर यंदा सणाच्या निमित्ताने त्यांच्यापाशी बसावे आणि त्यांचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत. दाल्गाद यांनी शंभर वर्षांपूर्वी सुरू केलेल्या कामात आपल्या गावाची ती पुढची भर ठरेल.