चवीपुरतं पाणी

पाणी हा रंगहीन, गंधहीन आणि चवहीन द्रव आहे, असं शाळेत आपल्याकडून घोकून घेतात. ही व्याख्या करणारा गृहस्थ आयुष्यात कधी परगावी पाहुणा म्हणून गेलेला नसावा. मराठी माणसाच्या लेखी पाण्याला चव नाही असं होतच नाही. पाणी गोडं असतं, खारं असतं, मचूळ असतं. जड असतं, हलकं असतं. ते एखाद्याला मानवतं, एखाद्याला बाधतं. परगावची डाळ शिजली नाही तरी दोष डाळीचा नसतो, सुनेचा तर नसतोच (निदान पाहुण्यांसमोर), तो पाण्याचा असतो. आणि तो खरोखरच असतो. जड पाण्यात डाळ शिजायला वेळ घेते.

अलीकडे मात्र पाण्याची चव मागे पडली आणि हिशेब पुढे आला. डॉक्टरांनी मला नुसतं "पाणी भरपूर पीत जा" म्हणून सोडून दिलं होतं. पण भाच्याने माझ्या मोबाईलमध्ये काहीतरी बसवून दिलं आणि तेव्हापासून दर तासाला तो घुंगरू वाजवून मला तहान लागल्याचं कळवतो. दिवसाला आठ पेले, असा त्याचा आग्रह. या आठ पेल्यांचं मूळ शोधायला गेलो तर ते थेट अमेरिकेत निघालं. 1945 साली तिथल्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने सांगितलं, की माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. लगेच पुढे असंही म्हटलं, की त्यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं सोडून दिलं. वरण, ताक, कलिंगड यांचं पाणी कुणी मोजतच नाही.

आठ पेले घशाखाली उतरायचे तर पाण्याला काहीतरी चव हवी. म्हणून सूनबाईंनी काचेच्या बरणीत काकडीच्या चकत्या, पुदिना आणि लिंबाच्या फोडी घालून पाणी ठेवलं. याला 'इन्फ्युज्ड वॉटर' म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींनी एक घोट घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "कोशिंबीर विसळलेलं पाणी दिसतंय."

पण सूनबाईंच्या पाठीशी मोठमोठी माणसं उभी आहेत. अकबर बादशहाचंच घ्या. त्याच्या दरबारात पाण्यासाठी 'आबदारखाना' नावाचं स्वतंत्र खातं होतं. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त त्याची हकिगत दिली आहे. बादशहा पिणार गंगेचंच पाणी. आग्र्याला किंवा फत्तेपूरला मुक्काम असला तर ते सोरोंहून यायचं, पंजाबात असला तर हरिद्वारहून. तेही मोहरबंद घागरींतून. स्वयंपाकाला पावसाचं किंवा यमुना-चिनाबचं पाणी चालायचं, पण त्यातही थोडं गंगाजल पडायचं. थंड करायला सोरा वापरत. म्हणजे जी बंदूक उडवायची, तिच्याच दारूतला जिन्नस बादशहाचं पाणी गार करायचा.

आपल्याकडे एवढा सरंजाम नव्हता. माठ होता. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. वीज नाही, सोरा नाही, खातं नाही. त्यात वाळ्याची एक जुडी टाकली, फार तर मोगऱ्याची चार फुलं, की झालं. उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा आणि मग तांब्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं, कोकणात आमसुलाचं सरबत, दुपारी मठ्ठा. आता जरा नीट पाहा. गूळ सोडला तर या प्रत्येकात चिमूटभर मीठ आहे. घामावाटे नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिची चिमूट चुकत नव्हती. आणि या सगळ्या चवी पाण्याच्या नोकरीत होत्या. माणसाने दोन घोट जास्त प्यावेत, एवढंच त्यांचं काम.

पुढे चवच मालकीण झाली. त्याची सुरुवातही औषधानेच झाली. 1767 साली इंग्लंडातल्या लीड्स गावात जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मोपदेशक बिअरच्या भट्टीशेजारी राहायला आले. शेजार असा मिळाला म्हणून दुसऱ्या कुणी घर बदललं असतं. यांनी भट्टीवर साठणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला. सोडावॉटर जन्माला आलं. 1772 साली त्यांनी त्याची कृती पुस्तिकेत छापली. खलाशांच्या हिरड्या सडवणारा स्कर्व्ही रोग त्याने हटेल, अशी आशा होती. रोग हटला नाही. ढेकर तेवढी आली. 1886 साली अमेरिकेत अटलांटा शहरी जॉन पेम्बर्टन या औषधविक्याने डोकेदुखीवर उतारा म्हणून एक पाक तयार केला आणि तो सोड्यात मिसळून विकला जाऊ लागला. तोच कोकाकोला.

या कोकाकोलाने आपल्याकडे राजकारणही पाहिलं. 1977 साली सरकारशी बिनसलं म्हणून तो देश सोडून गेला आणि त्याची जागा भरायला खुद्द सरकारी कंपनीने 'डबल सेव्हन' काढलं. सत्तांतराच्या सालाचं नाव पेयाला देणारं सरकार विरळाच. पेय टिकलं नाही, सरकारही टिकलं नाही. 1993 साली कोकाकोला मात्र परत आला. येताना साखर तेवढीच घेऊन आला. अशा गोड पेयाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. चहात कुणी आठ चमचे साखर घातली तर आपण त्या माणसाकडे वळून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं, की मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास 25. म्हणजे एका बाटलीतच जमल्यासचा निकाल लागला.

पाण्यात काय काय घातलं गेलं याचा इतिहास मात्र सगळाच सरबती नाही. आपल्याकडे एका तळ्याचं नावच 'चवदार' आहे. महाडचं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव रावबहादूर बोले यांनी 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करून घेतला, महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळं खुलंही केलं, पण कागदावर. गुरंढोरं तिथं पाणी पीत होती, अस्पृश्य म्हटलेली माणसं पिऊ शकत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. नंतर गावातल्या सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली. एकशे आठ घागरी पाण्यात दूध, दही, शेण आणि गोमूत्र मिसळून, मंत्र म्हणत त्या तळ्यात ओतल्या. चवदार पाण्यात शेण कालवायचं आणि त्याला शुद्धी म्हणायचं! आजवर हे पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मेलो नाही, आम्हीही माणसं आहोत एवढं ठरवायला तळ्यावर जायचं, अशा आशयाचं बाबासाहेब पुढे डिसेंबरात बोलले. कोर्टाचा निकाल लागायला 1937 साल उजाडलं. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी.

आणि या इतिहासातली सगळ्यात मोलाची चव कुणाच्याही मेजवानीत सापडणार नाही. 1971 साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले. सीमेवरच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, पिंपांना तोट्या लावून, ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. "पाजत राहा," एवढंच सांगितलं. शंभरातले तीसेक दगावत होते, ते चारांच्या आत आले. आतड्यात साखर आत शिरताना मिठाला बरोबर घेते आणि मिठामागे पाणी जातं; नुसत्या पाण्याला ते जमत नाही. आज घरी करायचं तर लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. इथं 'अंदाजाने' नाही, मोजूनच. चव पाहायची खूण मोठी विलक्षण आहे: पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

आमच्या घरी हल्ली माठात वाळा असतो. आमसूल भिजत घालतो, ते मीठ-जिऱ्याचं, साखर जवळजवळ नाही. सूनबाईंची काकडीही चालू आहे. सौभाग्यवती तिला आता नावं ठेवत नाहीत, नुसती विसळून ठेवतात. दारावर भर दुपारी सामान पोचवणारी मुलं येतात. त्यांना पाणी विचारायचं आणि ते आपल्या घरातल्याच पेल्यातून द्यायचं, हा नियम आमच्याकडे आहे. परवा एक जण जिना चढून धापा टाकत आला. मी उत्साहाने त्याला विचारलं, "कुठलं देऊ? वाळ्याचं आहे, कोकमाचं आहे, काकडी-पुदिन्याचंही आहे."

त्याने पाठीवरची पिशवी उतरवली, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "काका, साधंच द्या. पण दोन पेले द्या."