पाण्याखालचं गाव नकाशात कसं शोधायचं?

पाणी खूप खाली गेलेल्या उन्हाळ्यात उजनी धरणातून पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. त्याचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. पण त्या मंदिराभोवती अख्खं गाव होतं. गल्ल्या होत्या, मळे होते, भीमेवरचा घाट होता. आज गूगल मॅप्सवर तिथे फक्त निळा रंग दिसतो.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, कोयना १९६४ मध्ये. म्हणजे आपल्याला हवाय त्याआधीचा नकाशा. आणि गंमत म्हणजे तो सापडतो अमेरिकेत!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने आर्मी मॅप सर्व्हिस नावाचा विभाग उभा केला. त्यांनी १९५० च्या दशकात भारत-पाकिस्तानची एक नकाशामालिका काढली. तिचं नाव यू-५०२. मूळ मेहनत मात्र आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाची, म्हणजे १७६७ पासून चालत आलेल्या खात्याची. त्यांच्याच नकाशांवरून अमेरिकनांनी हे बनवले. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कामाला कॉपीराइट नसतो. म्हणून टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा लायब्ररीने हे नकाशे स्कॅन करून फुकट ठेवलेत.

आता नेमका कागद शोधायचा कसा? प्रत्येक नकाशाला कोड असतो. आपल्या भागाचा कोड ‘एन ई ४३’ने सुरू होतो. ‘एन’ म्हणजे उत्तर गोलार्ध, ‘ई’ म्हणजे १६ ते २० अक्षांश आणि ४३ म्हणजे ७२ ते ७८ रेखांश. या चौकोनाचे पुढे १६ तुकडे. सर्च करताना इंग्रजांच्या काळातलं स्पेलिंग टाका: पूना, शोलापूर. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. त्यामुळे गाव सापडेल, वाडी बहुतेक नाही.

माझ्या आजीचं माहेर उजनीत गेलं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव आहे, पण ते ठिकाण आज कुणाला दाखवता येत नाही. मी नकाशा लॅपटॉपवर झूम केला तेव्हा तिने आधी नदीचं वळण ओळखलं, नाव नंतर वाचलं. मग म्हणाली, “बाजाराला आम्ही ह्या अंगानं जायचो.” ती वाट नकाशात नव्हतीच.

तुम्हालाही आजच्या नकाशावर जुना नकाशा चढवायचा असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. दोन्हीकडे सारख्या असलेल्या पाच-सहा जागा निवडा: टेकडीचा माथा, किल्ला, गावठाण. नदीचा काठ घेऊ नका, धरणाने तोच हलवलाय. आणि समासातली बारीक अक्षरं आधी वाचा. छापल्याचं साल एक असतं, मोजणीचं साल त्याहून जुनं असू शकतं. आजचा १:५०,००० नकाशा तुलनेला हवा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाकडे बघा; त्यांनी २०१७ मध्ये नक्षे पोर्टल सुरू केलं होतं.

संस्थानांच्या हद्दी बघायच्या असतील, समजा औंध किंवा फलटण, तर १९०९ चा इम्पीरियल गॅझेटियरचा ॲटलस आणि १९७८ चा श्वार्टझबर्ग यांचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक ॲटलस उघडा. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत आहेत. जुन्या काळातले रंगीत, देखणे नकाशे हवे असतील तर डेव्हिड रमझी संग्रह.

पण एक लक्षात ठेवा. हे नकाशे बनले ते लष्करासाठी आणि महसुलासाठी. त्यात रस्ता, नदी, उंची मिळेल. पाणवठा कुणाचा, शिवाराला काय म्हणायचे, हे नाही मिळणार. ते ज्यांना माहीत आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तेव्हा नकाशा डाउनलोड करा, प्रिंट काढा आणि सुट्टीत घरच्या मोठ्यांसमोर ठेवा. ते बोलतील ते पेन्सिलने त्याच कागदावर लिहा. स्कॅन केलेला नकाशा सर्व्हरवर राहील. ही नावं तुम्ही लिहिलीत तरच राहतील.

तुमचं गाव कोणत्या धरणात गेलं? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!